रोवणीच्या दिवसांतील एक रात्र: सिकलसेलच्या रुग्णाला प्रतिजैविक, वेदनाशामक आणि गुंगीचे औषध देताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या सीमेलगतच्या ३० खाटांच्या एका ग्रामीण रुग्णालयातील आहे. मी तेव्हा तेथे प्रभारी परिसेविका होते. घटनेच्या रात्री मी कामावर नव्हते, परंतु दुसऱ्या दिवशी केसपेपर, इंजेक्शन रजिस्टर आणि संबंधित परिचारिकांचे सांगणे एकत्र ठेवून घटनाक्रम जुळवण्याचे काम माझ्याकडे आले. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. औषधे, मात्रा आणि वेळांचा क्रम मात्र होता तसाच ठेवला आहे.

रुग्ण १९ वर्षांची मुलगी, वजन ३८ किलो, लहानपणापासून सिकलसेलची एसएस (सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आलेली) रुग्ण. पूर्व विदर्भात हा आजार नवा नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यातील कोणत्याही वॉर्डात पावसाळ्यात आणि थंडीत असे रुग्ण येतातच. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाल्यापासून तपासण्या वाढल्या आणि रुग्णांच्या हाती कार्डे आली, पण वेदनेचा झटका आलेला रुग्ण रात्री दहा वाजता दारात आला की त्याच्याजवळ शेवटी एक परिचारिका आणि एक औषधाचे कपाटच असते. ऑक्सिजन कमी पडला, शरीरातले पाणी घटले, थंडी बाधली किंवा अतिश्रम झाले की या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे अक्षरशः उपाशी राहून दुखतात. या मुलीच्या बाबतीत यांतली बरीच कारणे एकाच वेळी जुळून आली होती, कारण ती सलग तीन दिवस भर पावसात बांधीतल्या पाण्यात उभी राहून रोवणी (भातलावणी) करत होती आणि झटके कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या महिनाभर बंद होत्या.

संध्याकाळी साडेसहाला ती आईबरोबर काळी-पिवळीने आली. ताप १०१.६, नाडी ११८, रक्तदाब १०४/६६, श्वास मिनिटाला २२, ऑक्सिजनचे प्रमाण ९६ टक्के, हिमोग्लोबिन ७.२. दोन्ही मांड्या, कंबर आणि उजव्या बरगडीखाली वेदना होती; दहापैकी किती, असे विचारल्यावर तिने नऊ सांगितले. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक ७५ मिग्रॅ स्नायूतून, आरएलची (रिंगर लॅक्टेट) सलाईन, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे प्रतिजैविक १ ग्रॅम दर बारा तासांनी शिरेतून आणि ट्रामाडॉल हे ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचे, वेदनाशामक ५० मिग्रॅ शंभर मिली नॉर्मल सलाईनमधून ‘एसओएस’, म्हणजे गरज पडल्यास, असे लिहिले.

पहिला प्रश्न: प्रतिजैविक

सिकलसेलच्या बहुतेक एसएस रुग्णांची प्लीहा लहानपणीच निकामी झालेली असते. त्यामुळे न्यूमोकोकससारख्या जंतूंशी लढण्याची त्यांची ताकद कमी असते आणि ताप आलेल्या अशा रुग्णाला प्रतिजैविकाची पहिली मात्रा लवकर मिळणे महत्त्वाचे ठरते. येथे मात्र आईने एक वाक्य उच्चारले आणि संध्याकाळच्या परिचारिकेचा हात थांबला. “लहानपनी कोनत्या तरी औषधानं तिच्या अंगावर गांध्या उठल्या होत्या जी,” असे ती म्हणाली.

अ‍ॅलर्जीची अशी माहिती मिळाल्यावर केसपेपरवर लाल शाईने ‘अ‍ॅलर्जी’ लिहून मोकळे होण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते, आणि त्याचा परिणाम असा होतो की पुढे आयुष्यभर त्या रुग्णाला चांगली औषधे मिळत नाहीत. या परिचारिकेने तसे केले नाही. गोळी होती की सुई, की पातळ औषध. गांध्या किती वेळाने उठल्या. श्वास लागला होता का, ओठ सुजले होते का, भरती करावे लागले होते का, असे ती एकेक विचारत गेली. आईने प्लॅस्टिकच्या पिशवीतली जुनी फाईल काढली आणि त्यात आठ वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर अमॉक्सिसिलिनचे नाव सापडले. पुरळ तिसऱ्या दिवशी आले होते. श्वासाचा त्रास झाला नव्हता.

पर्याय तीन होते. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन टाळून दुसऱ्या गटातले औषध मागवणे, जे त्या वेळी भांडारात नव्हते. कातडीत टेस्ट डोस देऊन अर्धा तास वाट पाहणे. किंवा डॉक्टरांना इतिहास सांगून, तयारी ठेवून, औषध सावकाश देणे. टेस्ट डोसबद्दल स्पष्ट लिहायला हवे. तो ‘निगेटिव्ह’ आला म्हणून तीव्र रिअ‍ॅक्शन येणारच नाही असे मुळीच नाही, आणि त्या कागदी दिलाशावर विसंबून तातडीचा उतारा असलेल्या अ‍ॅड्रेनलिनची अ‍ॅम्प्युल कपाटात कुलूपबंद राहिलेली मी पाहिली आहे. अमॉक्सिसिलिनने उशिरा आलेले साधे पुरळ हे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन नाकारण्याचे पुरेसे कारण नसते, कारण दोन्ही औषधांची रासायनिक बाजूशृंखला वेगळी असून एकाची अ‍ॅलर्जी दुसऱ्याला लागू होण्याची शक्यता कमी असते. डॉक्टरांनी हा इतिहास ऐकून तिसरा पर्याय निवडला. परिचारिकेने अ‍ॅड्रेनलिन ०.५ मिली सिरिंजमध्ये भरून, नाव आणि वेळ लिहून ट्रेमध्ये ठेवले, गरज पडल्यास ते मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत द्यायचे हे बरोबरच्या विद्यार्थिनीला सांगितले, आणि मग प्रतिजैविकाच्या कुपीत १० मिली निर्जंतुक पाणी घातले.

याच क्षणी तिचे लक्ष स्टँडला लटकलेल्या बाटलीकडे गेले. आरएलमध्ये कॅल्शियम असते आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन त्याला भेटले की अविद्राव्य कण तयार होतात. नवजात बालकांत याने जीव गेलेले आहेत, आणि मोठ्या रुग्णांतही एकाच नळीतून दोन्ही एकदम सोडता येत नाहीत. तिने सलाईन बंद केली, १० मिली नॉर्मल सलाईनने नळी धुतली, चार मिनिटे घेऊन औषध दिले, पुन्हा नळी धुतली आणि डॉक्टरांना विचारून पुढची बाटली नॉर्मल सलाईनची लावली. वेळ सात वाजून ५५ मिनिटे. पुढे जे झाले त्यामुळे हा भाग सर्वांच्या स्मरणातून गेला, म्हणून तो येथे मुद्दाम सविस्तर लिहिला आहे.

दुसरा प्रश्न: न थांबणारी वेदना

डायक्लोफेनॅक सात वाजून दहा मिनिटांनी दिले गेले होते. पाणी कमी झालेल्या आणि मूत्रपिंडावर आधीच आजाराचा ताण असलेल्या रुग्णाला हे औषध देताना किमान लघवी किती होते याची नोंद तरी हवी होती, ती नव्हती. आठ वाजून ४० मिनिटांनी ट्रामाडॉल दिले. त्याची नोंद संध्याकाळच्या परिचारिकेने इंजेक्शन रजिस्टरमध्ये केली, कारण ट्रामाडॉलवर २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याचे नियंत्रण आले आहे आणि रजिस्टर चुकले तर जाब द्यावा लागतो; पण ट्रीटमेंट शीटवर मात्र वेळ टाकायची राहिली. नऊ वाजता ओव्हर देताना, म्हणजे रात्रपाळीकडे रुग्ण सोपवताना, दोन प्रसूतीच्या रुग्णांची माहिती आधी सांगितली गेली आणि सिकलसेलच्या मुलीबद्दल “वेदना आहे, सर्व चालू आहे” एवढेच सांगितले गेले.

रात्री एकच परिचारिका होती, वॉर्डात १७ रुग्ण होते आणि लेबर रूमही तिच्याकडेच होती. सव्वादहाला मुलगी अजून कण्हत होती. परिचारिकेने ट्रीटमेंट शीट पाहिली, त्यावर ट्रामाडॉलपुढे वेळ नव्हती, म्हणून ते दिलेले नाही असे तिला वाटले. ते संपले असावे असेही वाटले, कारण ट्रेमध्ये अ‍ॅम्प्युल नव्हती आणि कपाटाची चावी औषधनिर्मात्याकडे होती. तिने क्वार्टरवरील डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी पूर्वी काय दिले ते विचारले. “डायक्लो झालं सर,” हे उत्तर मिळाले. आणि त्यावर “फोर्टविन-फेनर्गन लावून द्या” हा आदेश आला. आमच्या भागातील रुग्णालयांत ही जोडी इतकी रूढ आहे की ती एकच औषध असल्यासारखी बोलली जाते. वस्तुतः फोर्टविन म्हणजे पेंटाझोसिन, ओपिऑइड गटातील वेदनाशामक, आणि फेनर्गन म्हणजे प्रोमेथाझिन, जे वेदना शमवत नाही, उलटी थांबवते आणि चांगलीच गुंगी आणते. दहा वाजून २५ मिनिटांनी ३० मिग्रॅ आणि २५ मिग्रॅ अशा मात्रा स्नायूतून दिल्या गेल्या. म्हणजे ३८ किलोच्या मुलीच्या शरीरात पावणेदोन तासांच्या अंतराने दोन ओपिऑइड आणि त्यावर एक गुंगीचे औषध होते, आणि हे एकाही माणसाला ठाऊक नव्हते.

साडेअकराला ती पुन्हा चुळबुळ करू लागली, कूस बदलू लागली, नळी ओढू लागली. आईने झोपेची सुई मागितली. येथे, माझ्या मते, या प्रकरणातील सर्वात महत्त्वाचा निर्णय झाला. अस्वस्थपणाची कारणे निदान चार असू शकतात: वेदना, लघवी तुंबणे, औषधाचाच विचित्र परिणाम, आणि ऑक्सिजन कमी पडणे. या चारपैकी एकातही झोपेचे औषध हा उपाय नाही. परिचारिकेने पल्स ऑक्सिमीटर लावला, ९३ आले, तिने दोन लिटर ऑक्सिजन सुरू केला, आकडा ९६ वर गेला आणि तिला हायसे वाटले. दुसऱ्या फोनवर मिडाझोलाम हे झोपेचे औषध १ मिग्रॅ सावकाश देण्याचा तोंडी आदेश मिळाला. अकरा वाजून ४० मिनिटांनी ते शिरेतून दिले. डॉक्टर शंभर पावलांवर होते. त्यांना पाहायला बोलवावे असे तिला वाटले होते, पण “एवढ्यासाठी उठवलं का” हे वाक्य तिने पूर्वी ऐकलेले होते. तिने मला हे सांगितले तेव्हा मी लिहिणे थांबवले होते, हे मान्य करते.

“झोपली जी आता”

साडेबाराला लेबर रूममधील बाईला कळा वाढल्या आणि परिचारिका ५० मिनिटे तिथेच अडकली. ती परत आली तेव्हा मुलगी शांत पडलेली होती. आई पायाशी बसून चादर नीट करत होती. “झोपली जी आता, उठवू नका तिले,” आई हळू आवाजात म्हणाली. ऑक्सिमीटरवर ९५ होते. मलाही त्या जागी कदाचित समाधानच वाटले असते.

रात्रपाळीला आलेली नर्सिंगची विद्यार्थिनी मात्र घड्याळ हातात धरून खाटेशेजारी उभी राहिली. तिला वॉर्डात नुकतेच शिकवले होते की श्वास पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचे नाहीत. तिने पूर्ण मिनिट मोजले, मग आणखी एक मिनिट मोजले. “सिस्टर, आठच येत आहेत. आणि मध्ये थांबते आहे.”

हाक मारल्यावर प्रतिसाद नाही. खांदा हलवल्यावरही नाही. खांद्याच्या स्नायूला चिमटा घेतल्यावर डोळे उघडले आणि लगेच मिटले. घोरण्यासारखा आवाज येत होता.

येथे ऑक्सिमीटरबद्दल थोडे सविस्तर. श्वास मंदावल्यावर शरीरात दोन गोष्टी घडतात: आत येणारा ऑक्सिजन कमी होतो आणि बाहेर जाणारा कार्बन डायऑक्साइड साचतो. नाकात नळी लावून ऑक्सिजन दिला की पहिली गोष्ट झाकली जाते आणि दुसरी चालूच राहते, त्यामुळे पडद्यावर ९५ दिसत असताना रुग्ण गुंगीच्या तळाशी जात असू शकतो. ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णात हा आकडा धोक्याची सूचना फार उशिरा देतो. सूचना आधी मिळते ती जागेपणावरून: बोलता बोलता डुलकी लागणे, वाक्य अर्धवट राहणे, हाकेला उत्तर देऊन पुन्हा झोपणे. ओपिऑइडमध्ये गुंगी बहुधा श्वास मंदावण्याच्या आधी येते, आणि म्हणून झोपलेल्या रुग्णाला न उठवण्याचा आपला सगळा दयाळूपणा या एका बाबतीत उलटा पडतो.

कृती

परिचारिकेने उशी काढली, हनुवटी वर उचलून श्वासमार्ग मोकळा केला, मोठ्याने हाका मारत राहिली, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) उशाशी आणली आणि विद्यार्थिनीला क्वार्टरकडे पळवले. डॉक्टर सहा मिनिटांत आले. इमर्जन्सी ट्रेमध्ये ओपिऑइडवर उतारा असलेल्या नॅलॉक्सोनच्या दोन अ‍ॅम्प्युल होत्या. संपूर्ण ०.४ मिग्रॅ एकदम देण्याचा पर्याय होता. श्वास लगेच उसळला असता, पण वेदनेवरचे औषधही क्षणात पुसले गेले असते आणि ट्रामाडॉल घेतलेल्या रुग्णात झटके येण्याचा धोका वाढला असता. म्हणून एक अ‍ॅम्प्युल नॉर्मल सलाईनने १० मिली केली आणि दर दोन मिनिटांनी १ मिली, म्हणजे ०.०४ मिग्रॅ, देत गेले. तिसऱ्या मात्रेनंतर श्वास १२ झाले आणि मुलीने आईला हाक मारली. फेनर्गन आणि मिडाझोलाम यांवर नॅलॉक्सोनचा काहीही परिणाम होत नाही, म्हणून गुंगी पूर्ण उतरली नाही. मिडाझोलामवर उतारा असलेले फ्लुमाझेनिल आमच्याकडे नव्हते, आणि ट्रामाडॉलमुळे झटक्याचा धोका असताना ते दिले असते असेही नाही.

पुढचा निर्णय तिला मोठ्या रुग्णालयात नेण्याचा होता. १०८ ची गाडी मिळत होती, परंतु वैद्यकीय महाविद्यालय ७० किलोमीटरवर, पाऊस चालू, आणि वाटेतल्या नाल्याच्या पुलावर पाणी असल्याचा निरोप आला होता. लगेच निघावे तर नॅलॉक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, पेंटाझोसिनचा त्याहून टिकतो, म्हणजे श्वास पुन्हा मंदावण्याची वेळ नेमकी गाडीत आली असती. तिथेच थांबून, कोणीतरी सतत शेजारी बसून पाहण्याचे ठरले. ४० मिनिटांनी श्वास खरोखरच पुन्हा ९ वर आले आणि आणखी २ मिली द्यावे लागले. लेबर रूमसाठी शेजारच्या उपकेंद्रातील परिचारिकेला बोलावून घेतले गेले, ही सोय रात्री अकरालाही करता आली असती.

पहाटे ताप १०२ होता, ऑक्सिजन काढल्यावर प्रमाण ९० वर आले आणि उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी घरघर ऐकू आली. सिकलसेलमधील छातीचा तीव्र आजार असल्याची शंका लिहून, पाणी उतरल्यावर सहा वाजता रात्रपाळीच्याच परिचारिकेबरोबर तिला रवाना केले. संदर्भचिठ्ठीवर ‘सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिले’ एवढेच होते, वेळ नव्हती. परिचारिकेने गाडीतून उतरताना ती तोंडी सांगितली म्हणून दुसरी मात्रा वेळेवर झाली.

परिणाम

वैद्यकीय महाविद्यालयात तिला रक्त देण्यात आले, अ‍ॅझिथ्रोमायसिन जोडले गेले आणि नवव्या दिवशी ती घरी परतली. छातीचा आजार गुंगीमुळे झाला की तापाबरोबर आधीच सुरू होता, हे या कागदांवरून ठरवता येत नाही; बरगडीखालची वेदना भरतीच्या वेळीच होती. उथळ श्वासाने तो वाढला असावा, एवढे म्हणता येते.

वेगळे काय करता आले असते

सव्वादहा वाजता तिला पॅरासिटामॉलची एकही मात्रा मिळालेली नव्हती. किलोला १५ मिग्रॅ, म्हणजे सुमारे ५७० मिग्रॅ, ठरावीक वेळेने दिले असते, मांड्यांना शेक दिला असता, कोमट पाणी पाजले असते आणि ओपिऑइड एकच ठेवून त्याची मात्रा व अंतर डॉक्टरांनी येऊन ठरवले असते, तर फोर्टविनची गरज पडलीच असती असे नाही. ‘एसओएस’ हा शब्द किती तासांनी आणि दिवसात जास्तीत जास्त किती हे लिहिल्याशिवाय आम्ही आता स्वीकारत नाही. फोनवरचा आदेश परिचारिका मोठ्याने परत म्हणते आणि त्याआधी इंजेक्शन रजिस्टर हातात घेते. ओपिऑइड दिल्यानंतर पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी, मग दर अर्ध्या तासाने जागेपणा आणि पूर्ण मिनिटाचे श्वास खाटेवरच्या कागदावर लिहिले जातात. श्वास १० च्या खाली किंवा बोलताना डुलकी, यांपैकी काहीही दिसले तर पुढची मात्रा थांबवून डॉक्टरांना बोलवायचे, आणि त्यासाठी परवानगी विचारायची नाही. जागा असलेल्या रुग्णाकडून दर दोन तासांनी दहा खोल श्वास घेववणेही आम्ही सुरू केले. यंत्र नव्हते तेव्हा फुगे वापरले.

पण या घटनेचा एक दुष्परिणाम मला नियमांत बसवता आला नाही. नंतरचे दोन महिने वॉर्डात सगळेच घाबरले. सप्टेंबरमध्ये १४ वर्षांचा एक मुलगा रात्रभर फक्त पॅरासिटामॉलवर रडत राहिला, कारण “मागच्या वेळी काय झालं ते माहीत आहे ना” हे वाक्य वॉर्डात फिरत होते. वेदनेने बरगड्या आवळून धरणारे मूल खोल श्वास घेत नाही, फुफ्फुसाचा तळ बंद राहतो आणि छातीचा तोच आजार दुसऱ्या वाटेने येतो. सकाळी मी त्याला ट्रामाडॉल सुरू करवले आणि पहिला तास स्वतः शेजारी बसून मोजले: १८, १८, १६, १६. त्या कागदावर दुसऱ्या परिचारिकेने पुढचे आकडे लिहिले.

ती मुलगी नोव्हेंबरात, धान कापणीच्या वेळी, पुन्हा आली. या वेळी दुसऱ्याच दिवशी घरी गेली. रात्रपाळीला मात्र आजही एकच परिचारिका असते आणि लेबर रूमही तिच्याकडेच असते. उपकेंद्रातून कोणाला तरी बोलावण्याचा अधिकार तिला लेखी मिळावा, असे पत्र मी दोनदा पाठवले आहे.